धर्मग्राम आणि सामाजिक न्याय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारची मिस्सा (सामूहिक उपासना) संपल्यावर चर्चच्या आवारात, रात्री अकराला व्हॉट्सॲपवर, एकदा तर मयतीहून परतताना लोकांनी जे जे विचारले ते इथे गोळा केले आहे. आमचा गट वसईतल्या एका धर्मग्रामाचा आहे, म्हणून उदाहरणे जास्त इकडची. एखादे उत्तर दुसरीकडे येऊन गेले असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. धर्मग्राम म्हणजे चर्चच ना? मग ‘धर्मग्रामाचे सामाजिक काम’ करायचे कोणी, फादरांनी?

धर्मग्राम म्हणजे त्या हद्दीत राहणारी माणसे. इमारत, फादर, घंटा हे सगळे त्या माणसांसाठी. फादर पाच-सहा वर्षांनी बदलून जातात. रेशन दुकान, तलाठी कार्यालय आणि गटार तिथेच राहते. त्यामुळे हे काम मुळात प्रापंचिकांचे, म्हणजे फादर-सिस्टर नसलेल्या साध्या श्रद्धावंतांचे. फादर सोबत असले तर बळ येते, एवढेच.

२. गरिबांना धान्य, कपडे, शाळेची फी आम्ही देतोच. ‘न्याय’ म्हणजे आणखी काय?

आमच्या आळीतल्या एका आजींचे उदाहरण सांगते. जन्मभर मळ्यात राबल्यामुळे बोटांवरच्या रेषा पुसल्या गेलेल्या. रेशन दुकानातल्या यंत्रावर त्यांचा अंगठा उमटेना. दुकानदार म्हणाला, पुढच्या महिन्यात या. विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या मंडळींनी लगेच पाच किलो तांदूळ नेऊन दिला. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, तिसऱ्या महिन्यातही तेच. तिसऱ्या खेपेला कोणीतरी विचारले, अंगठा उमटत नसेल तर दुसरी सोय नाही का? आहे! अंगठा जुळला नाही एवढ्या कारणावरून धान्य नाकारू नका, असे केंद्राचे २०१७ पासून राज्यांना निर्देश आहेत. तशी तक्रार लेखी दिली आणि पोचपावती घेतली. त्या महिन्यात आजींना धान्य मिळाले, आणि त्याच रांगेत रिकाम्या हाताने परत जाणाऱ्या आणखी चौघांनाही.

तांदूळ नेऊन देणे चूक नव्हते. उपाशी माणसाला आधी जेवायला घालायचे, अर्ज नंतर. विन्सेंट डी पॉल सोसायटी १८३३ मध्ये पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी सुरू केली तीसुद्धा गरिबांच्या घरी स्वतः जाण्यासाठी. घरी गेल्याशिवाय अंगठ्याचे प्रकरण कळलेही नसते. पण तांदूळ देऊन समाधान मानले तर आजी कायमच्या आपल्या उपकाराखाली राहतात, आणि त्यांचे हक्काचे धान्य भलतीकडे जाते.

३. हे अलीकडचे खूळ आहे का? आमच्या आजोबांच्या काळात चर्चमध्ये फक्त प्रार्थना होत.

आजोबांच्या आधीपासूनचे आहे. कामगारांना पोट भरेल एवढी मजुरी आणि संघटना करण्याचा हक्क हवा, हे पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मधल्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात मांडले. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी चौदावे लिओ हे नाव घेतले, तेही त्या परिपत्रकाची आठवण सांगून. १९७१ च्या बिशपांच्या सिनडने (जगभरच्या प्रतिनिधींच्या सभेने) न्यायासाठी झटणे हे शुभवर्तमान सांगण्याचेच अंग मानले. २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी निसर्गाचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकायला सांगितले. चर्चच्या कायद्याचे कलम २२२ तर सरळ म्हणते की सामाजिक न्याय वाढवणे आणि गरिबांना मदत करणे हे श्रद्धावंतांचे कर्तव्य आहे. आणि आमोस संदेष्टा? ‘न्याय पाण्यासारखा वाहो’ असे म्हणणारा तो मेंढपाळ तर येशूच्या सातशे वर्षे आधीचा.

४. वसईच्या हरित चळवळीत चर्चचा वाटा नेमका किती? कोणी म्हणते सगळे फादरांनी केले, कोणी म्हणते चर्चचा संबंधच नव्हता.

दोन्ही बोलणी अर्धवट आहेत. १९९० च्या सुमारास वसई-विरारचे नियोजन सिडकोकडे, म्हणजे राज्याच्या शहर-विकास महामंडळाकडे गेले. केळी, पानवेली आणि फुलांचा बागायती पट्टा बांधकामाला मोकळा होणार अशी धास्ती पसरली. त्यात टँकरवाले. बागेतल्या विहिरींचे गोडे पाणी उपसून शहराकडे विकायचे, आणि मागे विहिरीत उरायचा तो मचूळपणा. तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिचा चेहरा होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. नंदाखालचे, ‘सुवार्ता’ मासिकाचे बरीच वर्षे संपादक, पुढे २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले.

पण समिती चर्चची नव्हती. तिच्यात सगळ्या धर्मांचे शेतकरी, शिक्षक, वकील होते. चर्चने दिले ते वेगळेच: एक माणूस, एक मासिक, आणि रविवारी एका जागी जमणारा हजारोंचा समाज. आंदोलनाला लोक जमवण्यात निम्मी शक्ती जाते. धर्मग्रामात ते आधीच जमलेले असतात. माझ्या मते धर्मग्रामाची खरी ताकद ही आहे. तिला वेदीवरून हुकूम सोडण्याची ताकद समजले की गाडी घसरते (प्रश्न ६ आणि ९).

२००९ मध्ये महापालिका झाल्यावर गावे वगळण्याच्या लढ्यातही हेच दिसले. लढा गावांचा, त्यात चर्चला जाणारे होते तसे देवळात जाणारेही होते.

५. प्रवचनात टँकर, गटार, रेशन हे विषय यावेत का? आम्ही शांततेसाठी चर्चला जातो.

त्या दिवशीच्या वाचनातून विषय निघत असेल तर जरूर यावा. लाजरस दारात पडलेला आणि श्रीमंत जेवत बसलेला, ही गोष्ट वाचून झाल्यावर हवामानावर बोलणे अवघड आहे. मात्र तपशील प्रवचनात कोंबू नयेत. अर्जाची तारीख, सभेची वेळ हे सगळे मिस्सेनंतरच्या सूचनांत सांगावे, दोन मिनिटांत.

६. फादर निवडणुकीला उभे राहू शकतात का? कोणाला मत द्यावे ते सांगू शकतात का?

उभे राहू शकत नाहीत. ज्या सार्वजनिक पदांबरोबर शासनसत्ता हाती येते, ती पदे धर्मगुरूंनी घेऊ नयेत, असे चर्चच्या कायद्याचे कलम २८५ सांगते. पक्षात किंवा कामगार संघटनेच्या कारभारात सक्रिय भाग घ्यायलाही कलम २८७ मनाई करते; चर्चचे हक्क किंवा सर्वांचे हित यांसाठी अधिकाऱ्यांनी गरज मानली तरच अपवाद. प्रापंचिकांना यातले काहीच लागू नाही. तुम्ही खुशाल उभे राहा, फक्त चर्चच्या नावावर नको.

मत कोणाला द्यावे हे सांगण्याचा मामला देशाच्या कायद्याचा. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार उमेदवाराने, किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कोणी, धर्माच्या नावावर मते मागणे हा भ्रष्ट आचार आहे. मतदाराचा धर्म पुढे करून केलेले आवाहनही त्यातच येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये बहुमताने दिला. ‘याला मत दिलेस तर देवाचा कोप होईल’ असे म्हणणे त्याच कलमात अयोग्य दबाव म्हणून वेगळे नोंदले आहे. मतदान करा, पैसे घेऊ नका, उमेदवाराला पाण्याबद्दल विचारा, एवढे फादरांनी बेलाशक सांगावे.

७. मग पाणीप्रश्नाची सभा चर्चच्या हॉलमध्ये घ्यायची की नाही?

उमेदवाराची सभा असेल तर अजिबात नाही. धार्मिक संस्थांच्या गैरवापराला प्रतिबंध करणारा १९८८ चा केंद्रीय कायदा आहे आणि त्यातली ‘राजकीय कृती’ची व्याख्या भलतीच रुंद आहे: पक्षाचा प्रचार तर आहेच, राजकीय स्वरूपाच्या प्रश्नासाठी घेतलेल्या सभाही तिच्यात बसवता येतात. अर्ज भरायला मदत, कायद्याची माहिती, आरोग्य शिबिर हॉलमध्ये चालेल. पण सरकारला जाब विचारायची सभा असेल तर गावच्या समाजमंदिरात किंवा कोणाच्या अंगणात घ्या. यात आणखी एक फायदा दडला आहे: चर्चच्या हॉलमध्ये न येणारे शेजारी अंगणात सहज येतात.

८. आमच्याकडे असा गट नाही. सुरुवात कशी करायची?

मोठे नाव, बॅनर आणि उद्घाटन टाळा. पाच-सात माणसे पुरेत, पण ती योग्य हवीत. एक निवृत्त कारकून, ज्याला कोणता कागद कोणत्या टेबलावर जातो ते ठाऊक आहे. एक परिचारिका किंवा आशा ताई. महिला मंडळातली कोणीही जी नाही म्हणायला घाबरत नाही. वकील मिळाला तर उत्तम, पण बोलण्यात सगळा वेळ खाणारा नको.

फादरांना आधी सांगा, नंतर कळू देऊ नका. धर्मग्राम परिषदेपुढे विषय ठेवा. ती सल्लागार असते, तिथे मंजुरीपेक्षा सोबत मिळवायला जायचे. मग एक महिना काही करू नका, फक्त आळीआळीतल्या छोट्या समूहांच्या बैठकीत बसून ऐका. आम्ही ऐकायला गेलो तेव्हा वाटले होते लोक पाण्याबद्दल बोलतील. निम्म्या बायका बोलल्या त्या सूक्ष्म-कर्जाच्या हप्त्यांबद्दल.

आमची सगळी मालमत्ता म्हणजे एक निळी प्लास्टिकची फाइल आणि एक नोंदवही. वहीत चार रकाने: तारीख, कोणाचे काम, कुठे अर्ज दिला, पोचपावती क्रमांक. चौथा रकाना रिकामा असेल तर ते काम झालेले धरत नाही.

९. अर्ज कोणाच्या नावाने करायचा? चर्चच्या लेटरहेडला वजन असते ना?

आम्हालाही तसेच वाटले होते. पहिला माहिती अधिकाराचा अर्ज आम्ही दिमाखात धर्मग्रामाच्या लेटरहेडवर, शिक्का मारून दिला. परत आला. माहिती अधिकार कायदा, २००५ हा नागरिकाला हक्क देतो, संस्थेला नाही. तोच मजकूर साध्या कागदावर आळीतल्या एका मुलाच्या नावाने, दहा रुपयांच्या कोर्ट फी तिकिटासह दिला. उत्तराची मुदत तीस दिवस. जीविताचा प्रश्न असेल तर ४८ तास. उत्तर नाही आले तर पहिले अपील.

माहिती अधिकार बाजूला ठेवला तरी माझे मत तेच: ज्याचे दुखणे, त्याचे नाव. लेटरहेडवरच्या पत्राला साहेब चहा पाजतात आणि विषय फादरांशी मिटवून टाकतात. स्वतःच्या नावाने अर्ज केलेली बाई मात्र पुढच्या सोमवारी पुन्हा त्या खिडकीशी उभी असते. धर्मग्रामाने तिच्यासोबत जावे, तिचा कागद लिहून द्यावा. सही तिची असावी.

१०. बिगर-ख्रिस्ती लोकांचेही काम करायचे का? धर्मांतराचा आरोप आला तर?

करायचेच. पाणी आटते ते धर्म विचारून आटत नाही. आरोपाची भीती मात्र खोटी नाही, म्हणून आमचे काही नियम आहेत. अर्जाच्या टेबलावर प्रार्थना नाही, धार्मिक पुस्तिका नाही, ‘एकदा चर्चला या’ असे बोलणे नाही. मदतीच्या बदल्यात काही मागितले, मग ते फक्त उपस्थिती का असेना, तर ती मदत राहत नाही. श्रद्धा स्वीकारायला कोणावर बळजबरी करता येत नाही, हे चर्चच्या कायद्यातही आहे. गटात शेजारच्या आळीतले दोन हिंदू सभासद आधीपासून आहेत. आरोप झाला की तेच आधी उत्तर देतात.

११. दानपेटीतले पैसे या कामाला वापरता येतात का? परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेले?

ज्या कारणासाठी दान दिले त्याच कारणाला ते वापरायचे, हा चर्चचा नियम (कलम १२६७). कळसासाठी दिलेले पैसे झेरॉक्सला नाहीत. वेगळी पेटी ठेवा, हिशोब दर महिन्याला फळ्यावर लावा. आमचा महिन्याचा खर्च झेरॉक्स, तिकिटे आणि रिक्षा एवढाच असतो.

परदेशी संस्थेकडून किंवा परदेशी नागरिकाकडून आलेला पैसा हा वेगळाच विषय. परदेशी योगदान नियमन कायदा (२०१०) आणि त्यातली २०२० ची दुरुस्ती यांमुळे नोंदणी, दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेत खाते, प्रशासकीय खर्चाला वीस टक्क्यांची मर्यादा हे सगळे येते. असा पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देताही येत नाही. तमिळनाडूतल्या कुडनकुलमच्या अणुप्रकल्पाविरुद्ध इडिन्तकरैच्या चर्चच्या अंगणात लोक बसले तेव्हा, २०१२ मध्ये, सरकारने पहिले बोट ठेवले ते परदेशी पैशावरच. दुबईचा भाचा मदत करू म्हणाला तर त्याला सांगा, सुट्टीत ये आणि चार अर्ज लिहून दे.

१२. मोर्चा काढायचा असेल तर?

आधी कागद संपवा, मग रस्ता. पोलिसांना लेखी कळवा, जमावबंदी लागू आहे का बघा, मार्ग ठरवा, लहान मुले पुढे ठेवू नका. क्रूस आणि धार्मिक झेंडे घरी ठेवा, म्हणजे मागणी नागरिकांची दिसते. यावर आमच्यातही वाद आहेत. काही ज्येष्ठ म्हणतात, आपली ओळख का लपवायची? मी म्हणते, ओळख चेहऱ्यावर असतेच.

केरळातल्या विळिंजमचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. बंदराच्या बांधकामामुळे किनारा खचतो आणि घरे समुद्रात जातात, अशी तिथल्या कोळी लोकांची तक्रार. २०२२ मध्ये तिरुवनंतपुरमच्या लॅटिन महाधर्मप्रांताच्या नेतृत्वाखाली लोक महिनोन् महिने बंदराच्या फाटकाशी बसले. २७ नोव्हेंबरला पोलीस ठाण्यावर हल्ला झाला आणि त्या काळात दाखल झालेल्या गुन्ह्यात आर्चबिशपांचेही नाव आले. ६ डिसेंबरला आंदोलन मागे घेतले; काम थांबवण्याची मुख्य मागणी मान्य झाली नाही. धर्मग्रामे एकदिलाने उभी राहिली की काय घडते ते तिथे दिसते, आणि चर्च स्वतःच पक्षकार झाल्यावर एका रात्रीच्या दगडफेकीने किती गमावते तेही.

१३. दलित ख्रिस्ती लोकांच्या प्रश्नाचा आमच्या धर्मग्रामाशी काय संबंध? आमच्यात जात नाही.

हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे, बहुधा लग्न ठरवण्याच्या बैठकीच्या आदल्या दिवशी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला; १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेर राहिले. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढा असे सुचवले. आदेशाची तारीख म्हणून १० ऑगस्टला अनेक ठिकाणी काळा दिवस पाळतात. अहिल्यानगर आणि मराठवाड्यातल्या कितीतरी ख्रिस्ती कुटुंबांचा हा रोजचा प्रश्न आहे. डहाणू-तलासरीच्या आदिवासी बांधवांचे वेगळे: अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. दोन्हींची गल्लत करून दाखल्याचा अर्ज लिहू नका.

१४. नवरा मारतो म्हणून एक बाई फादरांकडे गेली. तिला ‘समजून घे, प्रार्थना कर’ सांगितले. गट यात पडू शकतो का?

पडलाच पाहिजे. आधी ती सुरक्षित, बाकी सगळे मागून. तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१, आणि कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली संरक्षण अधिकारी. समेटाची घाई करणारा, मग तो झगा घालणारा असो वा नसो, मार खाणाऱ्या बाजूला नसतो. आणि लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची कुणकुण लागली तर आपापसात चौकशी नाही, बैठक नाही: पोक्सो कायद्याने (२०१२) पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आरोपी कोणीही असो.

१५. आमच्या चर्चमध्येच झाडलोट करणाऱ्याला किमान वेतन मिळत नाही. आधी हे नको का?

हो, आधी हे. जगाशी न्यायाबद्दल बोलायला जाणाऱ्याने आधी स्वतः न्यायी असले पाहिजे, हे १९७१ च्या त्याच सिनडने (प्रश्न ३) सांगून ठेवले आहे. आर्थिक समिती प्रत्येक धर्मग्रामात असावीच लागते. विषय तिच्याकडे लेखी द्या. पगार, सुट्टी, भविष्य निर्वाह निधी यांबद्दल नेमके विचारा. आमच्याकडे या पत्राने जेवढा राग ओढवला तेवढा कुठल्याही मोर्चाने नाही. पगार वाढला.

१६. फादरांचा किंवा बिशपांचा विरोध असेल तर गट बंद करायचा का?

चर्चचे नाव आणि जागा त्यांच्या परवानगीनेच वापरायची. ती काढली तर काढली. पण आपले मत धर्मगुरूंपुढे मांडायचा हक्क (कलम २१२) आणि चांगल्या कामासाठी संघटना करायचा हक्क (कलम २१५) श्रद्धावंतांना आहे. नागरिक म्हणून तर कोणाची परवानगी लागतच नाही. निळी फाइल घेऊन घरी बसा. नवे फादर आले की पुन्हा विचारा.

१७. यात पडून तुरुंगात जायची वेळ आली तर? फादर स्टॅन स्वामींचे काय झाले बघितले ना.

बघितले. झारखंडच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी काम करणारे हे जेझुइट धर्मगुरू ऑक्टोबर २०२० मध्ये भीमा-कोरेगाव प्रकरणात पकडले गेले. कंपवातामुळे हातात पेला धरवत नसे, म्हणून तळोजा तुरुंगात त्यांना नळीचा पेला मागावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात, ८४ व्या वर्षी, खटला उभा राहण्याआधीच ते गेले. रेशनच्या अर्जापायी असे होत नाही. पण जमीन आणि पैसा यांच्या आड आलात तर दबाव येतो, हे लपवण्यात अर्थ नाही. एकट्याने सही करू नका, सगळ्या कागदांच्या प्रती दुसऱ्या घरी ठेवा, वकिलाचा नंबर पाठ असू द्या.

१८. जमीन विकणारे, भराव टाकणारे आपल्याच चर्चमधले असतात. त्यांच्याशी भांडायचे कसे?

सगळ्यात अवघड प्रश्न हा. आमच्या शेजारच्या एका बावखलात रात्री डंपर राडारोडा टाकू लागले. बावखल म्हणजे आमच्या बागांमधले जुने खोदीव तळे. पावसाचे पाणी साठवणारे, विहिरी गोड ठेवणारे. २०१८ च्या जुलैत गावे पाण्याखाली गेली तेव्हा अशी किती बुजली ते लोक बोटांवर मोजू लागले. डंपर ज्याचे, तो रविवारी तिसऱ्या बाकावर बसतो. आवारातल्या संगमरवरी पाटीवर देणगीदार म्हणून त्याचे नाव आहे.

प्रवचनात त्याचा उद्धार करा, असे काहींचे म्हणणे होते. आम्ही तसे केले नाही. दोघी त्याच्या घरी गेलो, चहा घेतला, गावनकाशा आणि सातबारा टेबलावर पसरला. तो चिडला नाही. म्हणाला, ‘बाय, केळीत आता काय मिळते ते तू सांग.’ त्याचे म्हणणे खोटे नव्हते आणि आमच्याकडे त्याला उत्तरही नव्हते. आठ दिवसांनी आळीतल्या अकरा जणांच्या सह्यांचा अर्ज तहसीलदारांकडे गेला. त्यात त्याच्या सख्ख्या भावाची सही होती. भराव थांबला तोवर अर्धे बावखल गेले होते. उरलेल्या अर्ध्यात यंदा पाणी आहे. तो अजून तिसऱ्याच बाकावर बसतो, आणि मिस्सेत शांतीची खूण करताना आम्ही एकमेकांना हात जोडतो.

१९. मी नोकरीमुळे गावाबाहेर राहतो. माझा काय उपयोग?

पोर्टलवरचे अर्ज, इंग्रजी निकालांचा सोप्या मराठीत गोषवारा, स्कॅनिंग, अपिलाच्या तारखांची आठवण. दर पहिल्या रविवारी आठच्या मिस्सेनंतर आम्ही आवारातल्या बाकावर बसतो; फोन लावा, वही उघडून कोणाचा चौथा रकाना रिकामा आहे ते सांगू.